लाल दोऱ्यापलीकडची कब्बाला : नवख्या वाचकाला पडणारे प्रश्न आणि पुण्यातून उठलेला एक वाद

इंटरनेटवर ‘कब्बाला’ असं शोधलं की सगळ्यात आधी समोर येतो लाल दोरा. डाव्या मनगटात बांधायचा, सात गाठी मारायच्या, मग दृष्ट लागत नाही म्हणे. साधारण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मॅडोनाच्या मनगटात तो दिसला, पाठोपाठ हॉलिवूडच्या इतर मंडळींच्या हातात आला आणि मग जगभर विकायला लागला. गंडेदोरे बघतच मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटायचं काही कारण नाही.

गंमत पुढे आहे. तोसेफ्ता नावाचा ज्यूंचा एक फार जुना ग्रंथ आहे, साधारण अठराशे वर्षांपूर्वीचा. त्यात परक्यांच्या कोणत्या अंधश्रद्धा पाळू नयेत याची यादी दिलीय. त्या यादीत लाल दोरा बांधणं आहे! बेथलेहेमला राहेलच्या कबरीला दोरा गुंडाळायचा आणि मग त्याचे तुकडे करून वाटायचे, ही नंतर लोकांत रुजलेली रूढी.

म्हणजे जी वस्तू बघून आपण कब्बालाकडे वळतो, तिचा कब्बालाशी संबंध जेमतेमच. मग कब्बाला म्हणजे आहे तरी काय? मी स्वतः यातला नवखाच आहे. त्यामुळे हा लेख म्हणजे जाणकाराचं व्याख्यान नाही. वाचायला घेतल्यावर जे प्रश्न पडत गेले आणि त्यांची जी उत्तरं सापडत गेली, ती इथे मांडतोय.

सुरुवात शब्दापासून करू. हिब्रूमध्ये ‘कब्बाला’ म्हणजे मिळालेलं, स्वीकारलेलं. गुरूकडून शिष्याला जे मिळतं ते. आजच्या इस्राएलमध्ये दुकानात खरेदी केली की जी पावती हातात देतात तिलाही कब्बालाच म्हणतात, आणि हॉटेलच्या रिसेप्शनलाही. शब्दात गूढ असं काही नाही. प्रश्न एवढाच राहतो, की कुणाकडून मिळालं? पहिली अडचण नेमकी तिथेच येते.

झोहर लिहिला कुणी?

कब्बालाचा सगळ्यात मोठा ग्रंथ म्हणजे झोहर. झोहर म्हणजे तेज. परंपरा सांगते, की हा ग्रंथ दुसऱ्या शतकातल्या रब्बी शिमोन बार योहाई यांचा. रोमन सत्तेविरुद्ध बोलले म्हणून त्यांच्यावर मरणाची शिक्षा आली, तेव्हा ते मुलाला घेऊन एका गुहेत लपले. तालमूदमध्ये ही गोष्ट आहे. बापलेक गळ्यापर्यंत वाळूत बसून अभ्यास करायचे आणि कपडे झिजू नयेत म्हणून फक्त प्रार्थनेपुरते अंगात घालायचे. अशी बारा वर्षं गेली. बाहेर आले तर समोर माणसं नांगरणी-पेरणी करताना दिसली. शाश्वत जीवन सोडून हे लोक मातीत काय रमलेत म्हणून दोघे संतापले, आणि जिथे त्यांची नजर पडली ते जळून गेलं. तेव्हा आकाशवाणी झाली : माझं जग नष्ट करायला बाहेर आलात का? परत गुहेत जा! मग आणखी एक वर्ष त्यांनी गुहेत काढलं.

मला ही गोष्ट फार आवडली. बारा वर्षं अध्यात्म करून माणूस बाहेर येतो आणि त्याला शेतकऱ्याचा राग येतो. देव बाजू घेतो ती शेतकऱ्याची.

पण झोहर हा ग्रंथ लोकांच्या हाती दिसायला लागतो तो थेट तेराव्या शतकाच्या शेवटी, स्पेनमधल्या कास्तील प्रांतात. मोशे दे लिओन नावाचा एक विद्वान त्याची हस्तलिखितं लोकांना देत होता. मूळ प्राचीन ग्रंथ माझ्या घरी आहे, त्यावरून मी नकलून देतो, असं तो सांगायचा. १३०५ मध्ये इसाक नावाचा एक अभ्यासक त्याला भेटला. हा इसाक मूळचा अक्को शहराचा. झोहर खरंच बार योहाईंचा आहे का याचा शोध घेत तो स्पेनला आला होता. मोशेनं शपथ घेऊन सांगितलं, की मूळ प्रत माझ्या आव्हिला गावच्या घरी आहे, ये आणि बघ. पण घरी परतताना वाटेतच मोशे वारला.

इसाक आव्हिलाला पोहोचला. तिथे त्याला कळलं, की आपल्याआधी हा प्रयत्न कुणीतरी करून बघितलाय. गावातल्या एका श्रीमंत माणसाच्या बायकोनं मोशेच्या विधवेला सांगितलं होतं, की ती मूळ पोथी आम्हाला दे, तुझ्या मुलीला मी सून करून घेते. घरात पैसा नाही, मुलगी लग्नाची, एका पोथीच्या बदल्यात सगळे प्रश्न सुटणार होते. विधवेनं उत्तर दिलं, की अशी पोथी घरात कधी नव्हतीच. नवरा जे लिहायचा ते स्वतःच्या डोक्यातून लिहायचा. मग तू तुझं नाव का लावत नाहीस, असं तिनं त्याला एकदा विचारलं होतं. माझं नाव लावलं तर कोण बघणार, बार योहाईंचं आहे म्हटलं की लोक भरपूर पैसे देतात, असं त्यावर नवरा म्हणाला होता.

इसाकची ही रोजनिशी आज उपलब्ध नाही. तिच्यातला हा भाग दुसऱ्या एका ग्रंथात उद्धृत झाला म्हणून वाचला, आणि तोही मध्येच तुटतो. शेवटी इसाकचं स्वतःचं मत काय झालं, ते त्या तुकड्यात येतच नाही.

पुढे गेर्शोम शोलेम या अभ्यासकानं विसाव्या शतकात हा प्रश्न हाती घेतला. शोलेम जन्मले बर्लिनमध्ये, १८९७ साली. १९२५ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात त्यांनी याच विषयावर व्याख्यान दिलं, तेव्हा त्यांचा कल मोशे हा झोहरचा लेखक नसावा असं मानण्याकडे होता. त्यानंतर दहा-बारा वर्षं त्यांनी झोहरचा शब्द न् शब्द तपासला. त्यातली अरेमाइक भाषा कृत्रिम निघाली. इस्राएलचा भूगोल चुकलेला होता, जणू लिहिणाऱ्यानं तो प्रदेश कधी बघितलाच नाही. सिनेगॉगसाठी ‘एस्नोगा’ हा चक्क स्पेन-पोर्तुगालकडचा शब्द होता. शेवटी शोलेम यांनी स्वतःचं मत बदललं आणि झोहर मोशे दे लिओनचाच असा निष्कर्ष १९४१ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात मांडला. आजचे बरेच अभ्यासक एकट्या मोशेऐवजी कास्तीलमधल्या एका गटाचं काम मानतात. श्रद्धाळू ज्यू मात्र आजही बार योहाईंचंच नाव घेतात.

मग झोहर म्हणजे फसवणूक का? नवख्या वाचकाला हा प्रश्न पडतोच, आणि मला तो बरेच दिवस सुटला नाही. माझ्यापुरतं उत्तर असं, की पैशांसाठी कुणी एवढं लिहीत नाही. हजारो पानं, सगळी कुणी बोलत नसलेल्या भाषेत! आणि मध्ययुगात थोरांच्या नावावर आपलं लिखाण घालणं ही काही एकट्या मोशेची खोड नव्हती. त्याच सुमारास, शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, आपल्याकडे ज्ञानेश्वर गीतेचा अर्थ संस्कृतातून लोकांच्या मराठीत आणत होते. मोशेनं बरोब्बर उलटं केलं. स्वतःचे विचार लोकांच्या भाषेतून उचलून जुन्या, अवघड भाषेत नेऊन ठेवले.

दहा सेफिरोत म्हणजे दहा देव का?

कब्बालाचं ते प्रसिद्ध चित्र तुम्ही पाहिलं असेल. दहा वर्तुळं, त्यांना जोडणाऱ्या रेघा. त्याला झाड म्हणतात आणि वर्तुळांना सेफिरोत. आता ज्यू धर्म कट्टर एकेश्वरवादी. मग हे दहा कोण?

हा प्रश्न नवख्यांचाच नाही. अब्राहम अबुलाफिया हा तेराव्या शतकातला स्वतः मोठा कब्बालिस्ट होता. त्यानं आपल्याच लोकांना सुनावलं होतं, की ख्रिस्ती लोक देवाचे तीन करतात, तुम्ही तर दहा केलेत!

त्यावर कब्बालाचं उत्तर साधारण असं आहे. मूळ देव म्हणजे ‘एन सोफ’, ज्याला अंत नाही. त्याच्याबद्दल काहीही बोलता येत नाही, त्याला चांगला म्हणणंसुद्धा त्याला मोजणं झालं. पण तो जगाशी ज्या ज्या रीतीनं वागतो, त्या रीती आपल्याला कळतात. त्या दहा. उजवीकडे हेसेद, म्हणजे देत राहणारी दया. डावीकडे गेवुरा, म्हणजे रोखणारी, मर्यादा घालणारी शक्ती. दोन्हींच्या मधे तिफेरेत, म्हणजे दोघांचा मेळ.

मी हे माझ्यापुरतं पाण्यावरून समजून घेतलं. पाऊस नुसता कोसळतच राहिला तर पूर येतो. धरणाची भिंत नुसती अडवतच राहिली तर खालचं शिवार वाळतं. पाटाचं पाणी ठरलेल्या वेळी ठरलेलं सुटलं तरच पीक येतं. पाऊस, भिंत आणि पाट हे वेगवेगळे दिसतात, पाणी मात्र एकच. कब्बालात वाईटाचा उगमही इथेच शोधतात. गेवुरा दयेपासून सुटली की ती नुसती क्रूर होते.

सगळ्यात खालची सेफिरा म्हणजे मालखुत. तिचं दुसरं नाव शेखिना, देवाचं जगात राहणारं रूप, आणि हे रूप स्त्रीचं आहे. ज्यूंना देशोधडी लागावं लागलं तेव्हा शेखिनाही त्यांच्याबरोबर वनवासात गेली असं मानतात. माणसानं नीट आचरण केलं, तर ती आणि वरच्या सेफिरोत पुन्हा जोडल्या जातात. म्हणजे खाली आपण काय करतो याचा वर परिणाम होतो. देवाला माणसाची गरज आहे! ही कल्पना धक्कादायक आहे, आणि लाल दोऱ्याच्या नेमकी उलटी. दोरा म्हणतो, तू फक्त बांध, बाकी मी बघतो.

देवानंच सगळं व्यापलंय, तर जगाला जागा कुठून आली?

१४९२ मध्ये स्पेनच्या राजाराणीनं फर्मान काढलं : ज्यूंनी ख्रिस्ती व्हावं किंवा देश सोडावा. लोक देश सोडून निघाले. त्यांच्यातले काही आणि त्यांची पुढची पिढी गालीलच्या डोंगरातल्या साफेद या गावात येऊन राहिली. तिथे १५७० च्या सुमारास इजिप्तहून इसाक लुरिया नावाचा माणूस आला. त्याला आरी म्हणजे सिंह म्हणायचे. साफेदमध्ये तो जेमतेम दोन-अडीच वर्षं राहिला आणि १५७२ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी साथीत गेला. स्वतः त्यानं जवळजवळ काहीच लिहिलं नाही. तो जे बोलला, ते त्याचा शिष्य हायिम विताल यानं लिहून ठेवलं.

लुरियाचा प्रश्न एखाद्या लहान मुलानंही विचारावा असा आहे. एन सोफ सगळीकडे भरून राहिलाय, रिकामी जागाच नाही. मग त्यानं जग ठेवलं कुठे?

त्याचं उत्तर : देव आक्रसला. स्वतःत मागे सरला. याला त्सिमत्सुम म्हणतात. देवानं सृष्टीसाठी पहिली गोष्ट केली ती काही बनवण्याची नव्हे, बाजूला होण्याची. त्या मोकळ्या जागेत त्यानं प्रकाशाचा एक किरण सोडला. तो धरायला भांडी केली होती. काही भांड्यांना प्रकाश पेलवला नाही, ती फुटली. खापऱ्या खाली पडल्या आणि त्यांना चिकटलेल्या ठिणग्याही त्यांच्याबरोबर पडल्या. आपलं जग म्हणजे तो खापऱ्यांचा ढीग. माणसाचं काम एकेक ठिणगी उचलून परत वर पाठवायचं. या दुरुस्तीला तिक्कुन म्हणतात.

शोलेम यांनी या सगळ्यामागे स्पेनमधून हाकलल्याचं दुःख पाहिलं. पुढच्या अभ्यासकांनी त्यावर शंका घेतल्यात. पण घर गमावलेल्या माणसाला ‘फुटलेलं असणं ही विश्वाचीच अवस्था आहे, एकट्या तुझी नाही’ असं ऐकून काय वाटलं असेल, याची कल्पना करायला अभ्यासक असावं लागत नाही.

दुरुस्ती करायची म्हणजे काय करायचं? इथे नवख्याची थोडी निराशा होते, माझीही झाली. त्यात कुठलीही सिद्धी नाही. फळ खाण्याआधी आशीर्वचन म्हणायचं, ते मन लावून म्हणायचं. शब्बाथ पाळायचा. मजुराची मजुरी वेळेवर द्यायची. ज्या शेकडो आज्ञा ज्यू माणूस एरवीही पाळतो, त्याच. कब्बाला त्यांना पर्याय देत नाही, उलट त्यांचं वजन वाढवते.

आणि देव खरोखर मागे सरला, की हे नुसतं आपल्या समजुतीसाठी? यावरून पुढे दीडशे-दोनशे वर्षांनी मोठा वाद झाला. हसिदी परंपरेतले शनेऊर झाल्मान म्हणाले, शब्दशः घेऊ नका, देव नाही अशी जागाच नाही. सूर्याचं तेज सूर्यातच असताना वेगळं दिसत नाही, तसं काहीसं.

चाळिशीच्या आत वाचायचं नाही, हे खरं का?

हा प्रश्न सगळेच विचारतात. चाळीस वर्षं पूर्ण हवीत, लग्न झालेलं हवं, वाचलं तर वेड लागतं वगैरे. लुरिया स्वतः चाळीस वर्षं जगलाच नाही, हे वर आलंच.

सावधगिरी जुनी आहे. मिश्ना हा ग्रंथ सांगतो, की देवाच्या रथाचं रहस्य एकट्या शिष्यालाही शिकवू नये, तो स्वतः समजून घेणारा असला तरच शिकवावं. तालमूदमध्ये चौघे जण गूढ बागेत शिरल्याची गोष्ट आहे. त्यातला एक मेला, एकाला वेड लागलं, एकानं धर्म सोडला, आणि रब्बी अकिवा तेवढे सुखरूप बाहेर आले. पण वयाचा आकडा घट्ट होण्यामागे प्रत्यक्ष घडलेलं एक प्रकरण आहे.

१६६५ मध्ये गाझाच्या नाथान नावाच्या तरुण कब्बालिस्टानं जाहीर केलं, की स्मिर्ना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमिरचा शब्बताई त्स्वी हाच मसीहा. दुरुस्ती संपत आलीय, ठिणग्या जवळजवळ सगळ्या उचलून झाल्यात. भाषा सगळी लुरियाची होती. येमेनपासून ॲमस्टरडॅमपर्यंत लोक वेडे झाले. घरंदारं विकली, धंदे बंद केले.

ग्लिकल नावाच्या जर्मनीतल्या एका व्यापारी बाईनं आपल्या आठवणी लिहून ठेवल्यात. तिच्या सासऱ्यांनी हामेलन गावातलं राहतं घर सोडलं आणि हॅम्बुर्गला तिच्याकडे मोठाले पिंपे पाठवून दिले. त्यात होते वाटाणे, सुकवलेलं मांस, सुकी फळं आणि कपडे. मसीहाचं बोलावणं आलं की थेट बंदरावरून पवित्र भूमीला निघायचं, म्हणून ही तयारी. पिंपे एक वर्षाहून जास्त काळ तशीच पडून राहिली. शेवटी सासऱ्यांचं पत्र आलं : पिंपे उघडा आणि खाण्याचं काढून घ्या, नाहीतर कपडे खराब होतील.

कारण सप्टेंबर १६६६ मध्ये ऑटोमन सुलतानापुढे उभं केल्यावर शब्बताईनं डोक्यावर पगडी चढवली आणि तो मुसलमान झाला.

यापुढचा भाग मला जास्त भीतीदायक वाटतो. काही अनुयायांनी यालाही कब्बालातून उत्तर शोधलं. शेवटच्या ठिणग्या सगळ्यात खोल अंधारात आहेत, त्या आणायला मसीहाला खाली उतरावंच लागणार. म्हणजे पाप हीच आता पवित्र गोष्ट झाली. पुढच्या शतकात पोलंडमध्ये याकोब फ्रँकनं हीच वाट आणखी टोकाला नेली. तेव्हा १७५६ मध्ये ब्रोडी गावात जमलेल्या रब्बींनी नियम केला : तीस वर्षांच्या आत झोहर नको, चाळिशीच्या आत लुरिया नको.

तो नियम सगळ्या ज्यूंनी सगळीकडे कधीच पाळला नाही. पण ‘रहस्य जपायचं म्हणून बंदी’ असं जे आपण समजतो ते अपुरं आहे. त्या रब्बींना हॅम्बुर्गमधल्या त्या पिंपांसारखी अनेक घरं आठवत होती.

आकड्यांचं काय?

थोडक्यात सांगतो, कारण ऑनलाइन याचाच सुकाळ आहे. हिब्रूत प्रत्येक अक्षराला किंमत असते. ‘एहाद’ म्हणजे एक, त्याची बेरीज १३. ‘अहावा’ म्हणजे प्रेम, त्याचीही १३. दोन्ही मिळून २६, आणि देवाच्या चार अक्षरी नावाची बेरीजही २६. याला गेमात्रिया म्हणतात. हे वाचून छान वाटतं आणि तेवढ्यापुरतं ते छान आहेच. तुमच्या मोबाइल नंबरची बेरीज करून नशीब सांगणारा माणूस काहीतरी वेगळं विकतोय.

ज्यू नसलेल्यानं वाचावं का? वाद पुण्यातही पोहोचला होता

आता येतो पुण्याकडे. एकोणिसाव्या शतकात बगदादहून आलेले ज्यू मुंबई-पुण्यात स्थिरावले होते. पुण्याचं लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, त्याच काळातलं. १८७९ मध्ये मादाम ब्लावाट्स्की आणि कर्नल ऑल्कट मुंबईत उतरले आणि थिऑसॉफिकल सोसायटीचं काम इथे सुरू झालं. पुण्यात राहणारे अब्राहम डेव्हिड इझिकेल हे बगदादी ज्यू गृहस्थ या सोसायटीत गेले. सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच ज्ञान आहे, हे तिथलं सूत्र. इझिकेल यांना आपल्या धर्मातलं ते ज्ञान कब्बालात दिसलं.

१८८७-८८ च्या सुमारास त्यांनी झोहरमधला ‘इद्रा झुता’ हा भाग बगदादी ज्यूंच्या रोजच्या अरबीत आणून पुण्यात छापला. इद्रा झुता म्हणजे बार योहाईंचा शेवटचा दिवस. आयुष्यभर जपलेली रहस्यं ते शिष्यांना सांगतात, घराभोवती आग धगधगत असते, आणि ‘जीवन’ हा शब्द उच्चारून त्यांचा प्राण जातो. झोहरमधला सगळ्यात नाजूक, सगळ्यात जपलेला मजकूर. तोच कुणालाही वाचता येईल अशा भाषेत!

बगदादच्या धर्मगुरूंनी कडाडून विरोध केला. इझिकेल मागे हटले नाहीत. त्यांनी इंग्रजीत कब्बालाची ओळख करून देणारी पुस्तिकाही काढली.

कुणाचं बरोबर होतं? माझा कल इझिकेल यांच्याकडे आहे, कारण त्यांच्यासारख्या माणसांनी छापलं नसतं तर मी आणि तुम्ही हे वाचूच शकलो नसतो. पण धर्मगुरूंची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. विधी, भाषा आणि समाज यांतून हा मजकूर सोडवून घेतला की त्याचं काय होतं, ते आपण लाल दोऱ्याच्या दुकानात बघतोच.

ज्यांना वाचायचंच आहे, त्यांच्यासाठी इंग्रजीत स्टॅनफर्डची बारा खंडांची झोहरची आवृत्ती आहे. त्यातले पहिले नऊ खंड डॅनियल मॅट यांनी केलेत. आधी शोलेम वाचा, मग तिकडे वळा. पहिल्या पानापासून समजेल अशी अपेक्षा ठेवू नका. झोहरमध्ये रब्बी बहुतेक वेळ रस्त्यानं चालत असतात, वाटेत गाढव हाकणारा एखादा म्हातारा भेटतो, आणि सगळ्यांत जास्त कळतं ते त्यालाच, असं निघतं.

आणि वाचायचं नसेल, नुसतं ऐकायचं असेल, तर साफेदच्या श्लोमो अल्काबेत्स या कब्बालिस्टानं सोळाव्या शतकात रचलेलं एक गाणं आहे, ‘लेखा दोदी’. मुंबई-ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये बेने इस्राएल मंडळी, कोकणात ज्यांच्या पूर्वजांना शनिवार तेली म्हणायचे ती, शुक्रवारी संध्याकाळी ते गातात. शब्बाथ ही नवरी येतेय, तिला सामोरं जाऊ या, असा त्याचा भाव. ही नवरी म्हणजे तीच शेखिना. शेवटचं कडवं आलं की सगळे उठून दाराकडे वळतात आणि मान लववतात.